नीलाक्कांनी उसवलेली गर्दी

नीलाक्का दुसऱ्यांची शिवण उसवायच्या. कमरेला चाव्यांच्या जुडग्याशेजारी त्यांची छोटी कात्री लटकत असे. ती बाहेर निघाली की गल्लीतल्या आम्ही बायका हातातलं भरतकाम पदराखाली लपवायचो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. लातुरातल्या आमच्या वाचनालयाच्या उत्सवासाठी गावाचा इतिहास मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर सुईदोऱ्यानं भरून द्यायचं आम्ही कबूल केलं होतं. म्हणजे चिटणीस असलेल्या माझ्या यजमानांनी आम्हाला न विचारता कबूल केलं होतं. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला भुसार बाजार आणि मधोमध पस्तीसेक वर्षांपूर्वी गावात पहिल्यांदा आलेली आगगाडी.

नवऱ्यामागं भुसार दुकान एकटीनं चालवणाऱ्या नीलाक्का वयानं आणि आवाजानं आमच्यात मोठ्या. त्यांना खोटं खपत नसे. मी बाजारातल्या बैलाला निळी झूल भरली.

"असला निळा तवा बाजारातच न्हवता. खोटं हाय. उसव."

पोत्यावर मांजर भरलं.

"हे कुणाचं मांजर? त्या दुकानात मांजर न्हवतं. उसव."

मांजराचीही गवाही लागत होती!

मग आली आगगाडी. हौसेनं आम्ही प्रत्येकीनं स्टेशनातल्या गर्दीत स्वतःला भरून घेतलं. अक्कांनी कपाळाला हात लावला. "तुमचा जल्म तरी झालता का गं तवा?" एका दुपारी त्यांनी अकरा बायका उसवल्या. उत्सव चार दिवसांवर, आणि ओसाड फलाटावर झेंडा धरलेला एकटा स्टेशनमास्तर! मी घरी येऊन संतापानं रडले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर फलाटावर हिरव्या लुगड्यातली एक बाई. टाके बारीक, अक्कांचे.

"ही कोण?"

"मी."

मला घबाडच सापडलं. "अक्का, आगगाडी आली त्या दिवशी सासूनं तुम्हाला दुधापाशी बसवलं होतं ना? तुम्हीच सांगितलंत."

"हाव."

"म्हणजे तुम्ही स्टेशनावर नव्हता."

"न्हवते."

"मग खोटं आहे! उसवा!" हे म्हणताना मला इतका आनंद झाला, की आज त्याची लाज वाटते.

अक्कांनी कमरेची कात्री सोडून माझ्या हातात दिली.

"तू उसव. बारा वर्सांची व्हते मी. सारा गाव गेलता. शिट्टी ऐकली अन् दारापोतर पळाले, तवर दूध उतू गेलं. मग दाराबाहेर पाऊल टाकू दिलं न्हाई लई दिवस." त्यांनी हिरव्या बाईवर बोट ठेवलं. "माझ्यानं न्हाई उसवत ही."

मी कात्री खाली ठेवली.

अक्का सुई माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "दोरा ओव गं, मला दिसून न्हाई राहिलं. टेसनात बाईमाणसानं एकटं उभं ऱ्हावं का कुठं? तू ये हितं शेजारी. बोल, लुगडं कोणत्या रंगाचं भरू तुझं?"