प्रज्ञाबाईंच्या रेघोट्यांची फत्ते

दिल्लीच्या लष्करी छावणीतील बालवाडीवर जो कठीण प्रसंग गुदरला, त्याची हकिकत, पाहिली तैसी, पदरचे काही न घालता, लिहिली असे.

हवालदार अंबादास सरहद्दीवर नामजाद होते. त्यांची कन्या प्रज्ञाबाई, उमर वर्षे पाच, छावणीत मातोश्रींपाशी राहत, आणि घरी मराठी, दारी हिंदी, या कचाट्यात सापडोन त्यांणी बालवाडीत मौन धरिले. मग परीक्षेचा दिवस आला आणि अक्षरांचे तक्ते मांडिले, तो मुखातून एक अक्षर न निघे. त्यावरून बालवाडीच्या मुख्त्यार वीणाबाई यांणी हुकूम केला, जे मुलीस वाचनाचा गंध नाही, सबब आणिक एक साल याच वर्गात ठेवावी. बाकी फौज पहिलीत कूच करील. हे ऐकोन प्रज्ञाबाई बहुत कष्टी जाहल्या आणि डबा न उघडिता कोपऱ्यात बसोन वहीत रेघोट्या ओढू लागल्या.

ते समयी दिल्लीतीलच मुनिरका वस्तीहून विनयाबाई नामे संशोधक, मुले वाचावयास कैसी शिकतात याचा शोध करीत, ई-रिक्षात स्वार होऊन तेथे दाखल जाहल्या. त्यांची नजर वहीवर गेली आणि पुशिले, "हे काय गं?"

"पप्पांना लेटर. वाचू?" आणि बाईसाहेब रेघेवर बोट ठेवोन वाचित्या जाहल्या, "पप्पा, टीव्ही बिघडला. मम्मी रडत नाही, बिल्कुल नाही. तुम्ही लवकर या."

वीणाबाई हसोन म्हणाल्या, "अरे, ये तो मन से बोल रही है!"

मग विनयाबाईंनी मसलत केली आणि दुसरे दिवशी तेच पान पुन्हा मांडिले. प्रज्ञाबाईंनी कालचेच वाचिले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग विनयाबाईंनी कपट योजिले आणि आपण मुद्दाम वाचिले, "पप्पा, फ्रिज बिघडला."

तत्क्षणी इवले बोट पानावर आदळले. "फ्रिज कुठेय? टीव्ही लिहिलंय ना!"

वीणाबाईंनी वही जवळ ओढोन पान निरखिले. विनयाबाईंनी अर्ज केला, जे एकदा लिहिले ते बदलत नाही, हे मर्म मुलीस उमगले. अक्षरे मागाहून येतील. वीणाबाई थोर मनाच्या. त्यांणी आपला हुकूम रद्द केला, रेघोट्यांच्या खलित्याचा फोटो सरहद्दीस रवाना केला, आणि पहिलीच्या यादीत नाव चढविले. नावापुढे प्रज्ञाबाईंनी स्वहस्ते पप्पांचा 'प' काढिला. तो उलटा पडला. वीणाबाईंनी रबर उचलिले, आणि मग खाली ठेविले.

मुक्काम दिल्ली छावणी, मार्च महिना, रोज शुक्रवार. प्रज्ञाबाई पहिलीत दाखल. 'प' उलटा, कायम.