बिननाडीचे सोमाभाऊ

सोमाभाऊ कोणाशीही बोलायला उभे राहिले, की आधी पायजम्याच्या कमरेची पट्टी बोटानं ओढून सोडत. टप् असा आवाज होई, मग बोलणं सुरू. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात ते दिसण्याआधी ऐकू येत.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर, आणि ते माझे शेजारी. आधी जंगलखात्यात नाकेदार होते. मोहाच्या झाडाखाली अस्वलानं उजवा हात चावला, तेव्हापासून त्या हाताची बोटं मिटत नव्हती. बायको, अंजनाबाई, मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली. तिचं पायमशीन घरात होतं. सोमाभाऊ त्यावर डाव्या हातानं पायजमे आणि अर्ध्या चड्ड्या शिवत बसत. नाडी म्हणून नाही, नेफ्यात इलास्टिक. ते चांद्याहून मागवत आणि त्याला रबर म्हणत.

डाव्या हातात कात्री वाकडी चाले, त्यामुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा रुंद होई. "रुंद पाय चालाचा, अरुंद पाय उभं राहाचा," असं ते गिऱ्हाइकाला पटवत. गिऱ्हाईक कसलं, सगळं फुकटच. पोस्टमननं त्यांची चड्डी घातली, कोतवालानं घातली. मलाही माप न घेता एक पायजमा मिळाला. पोटावर उठलेला लाल वळ मी दाखवला, तर म्हणाले, रबर नवं आहे, ते बिचारं अजून तुम्हाला ओळखत नाही.

एका हातानं गाठ बसत नाही म्हणून हा सगळा उद्योग, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीच्या तोंडावर गडचिरोलीहून त्यांची थोरली बहीण आली, भावाला कायमचं न्यायचं ठरवून. येताना नवा पायजमा आणला होता, सुरेख विणलेल्या नाडीचा. घरात माणसं आहेत, कोणीही बांधून देईल, असं ती म्हणाली. माप बघायला तिनं अंगणातच पायजमा त्यांच्या कमरेला लावला आणि नाडी हातात घेतली. सोमाभाऊ झटकन मागे सरले.

"हात लावू नोको, बाई."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बहीण डोळे पुसत दुपारच्या मोटारीनं परत गेली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बहिणीचं काय चुकलं, असं विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"अंजना दिवसभर कामात राहे, मास्तर. पानी, धान, ढोरं. बोलाले फुरसत नाई. सकाळी नाडी बांधाले तेवढी माह्यासमोर उभी राहे. तिचा पदर माह्या छातीले लागे. मी मुद्दाम पोट फुगवो. मंग हासे, आन् गाठ पुन्ना मारे. तेवढाच टाईम आमचा." मग मशीनकडे बघत म्हणाले, "त्या जागी आता कोणाले उभं करू?"

मी उगाच इलास्टिकची गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळत राहिलो. मग त्यांनीच विचारलं, तुमची घरची कुठं असते? चामोर्शीला, माहेरी, मी सांगितलं. धानाची कापणी आटोपली की येईन म्हणते.

"मंग तुमी इथी काऊन बसून राह्यले?"

मी शाळेचं कारण दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा मशीन चालू केलं.

शनिवारी शाळा सुटली, आणि मी घरी न जाता तसाच चामोर्शीच्या वाटेची मोटार धरली.