क्रमांक अकरा आणि तिरकी लादी

"चप्पल ही काय चालायच्या वाटेत ठेवायची वस्तू आहे? आणि ही लादी! कोणत्या शहाण्यानं इतकी तिरकी बसवली?"

भिंतीपलीकडच्या पॅसेजमधून हे पुटपुटणं आलं. त्याआधी 'धप्' असा एक आवाज झाला होता. भिंत इतकी पातळ, की धाकटीला वडिलांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिची बोटं की-बोर्डवर थांबली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. क्षणभर सगळ्या घरानं कान टवकारले, आणि मग आई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"हो हो, तिरकीच आहे मेली! गवंड्याला तेव्हाच सांगितलं होतं मी!"

आईनं गवंड्याला असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. पॅसेजमध्ये चप्पलही नव्हती. घरातल्या सगळ्या चपला आईनं केव्हाच उचलून दाराबाहेर मांडल्या होत्या, "आत घाण येते" म्हणून. मग पॅसेजमधलं जाजम गुंडाळून पलंगाखाली गेलं, "धूळ धरतं" म्हणून. मग स्टूल गॅलरीत गेलं, "उगाच अडगळ" म्हणून. त्यानंतर धाकटीनं तिथला दिवा बदलून असा लखलखीत लावला, की पाणी प्यायला निघालेल्या माणसाला वाटावं, आज आपलंच ऑपरेशन आहे! कारण सांगितलं, "वीज वाचते." या सगळ्याचं खरं कारण एकच होतं, पण ते तोंडावाटे काढायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

वडील म्हणजे कोच. जन्मभर मैदानावर पोरं पळवली, त्यामुळे सगळं गाव त्यांना कोच म्हणे, आणि रागावली की आईसुद्धा "कोचसाहेब" म्हणे. त्यांची मुलगी चाळिशी ओलांडून गेली होती, खेळाच्या शास्त्रात डॉक्टरेट मिळवून विद्यापीठाच्या विभागात शिकवत होती, तरी घरात धाकटीच होती. शेजारीपाजारी तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला येत आणि "नुसतीच डॉक्टर!" म्हणून हिरमुसून परत जात.

तर अशा या धाकटीनं त्या दिवशी सकाळीच जाहीर केलं होतं, "आज संध्याकाळच्या चहाआधी पेपर जर्नलला गेलेला असेल! लिहून ठेवा!"

पेपर होताही तसा देखणा. तरुणपणी ज्यांनी मैदान गाजवलं, त्यांचा तोल उतारवयातही इतरांपेक्षा चांगला राहतो, असं त्यात ठासून म्हटलं होतं. मैदानावर संध्याकाळी जमणारे निवृत्त खेळाडू एकेक करून एका सपाट प्लेटवर उभे राहिले होते, एका पायावर, डोळे मिटून. अंग किती डुलतं ते प्लेट मोजायची, आणि प्रत्येक माणसाचा एक ठिपका आलेखावर पडायचा. बहुतेक ठिपके शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे खाली शिस्तीत दाटले होते. एकच ठिपका पार वर, चौकटीच्या टोकाला, वर्गाबाहेर काढल्यासारखा एकटा उभा होता.

तो क्रमांक अकरा.

क्रमांक अकरा कोण, हे नियमाप्रमाणे कोणालाच माहीत नव्हतं. विभागात सगळ्यांनाच माहीत होतं.

धाकटीनं तो ठिपका आत घेऊन पाहिला. तो मावावा म्हणून आलेखाची रेघ लांबवावी, तर बाकीचे सगळे तळाशी चेंगरून मुंग्यांसारखे दिसायला लागत. बाहेर काढला, तर चित्र कसं सुरेख! पण माणूस वगळला तर का वगळला, हे जर्नलला सांगावं लागतं. मग तिनं कारणाच्या रकान्यात लिहून टाकलं: 'यंत्रातील बिघाड'. लिहिलं, आणि त्या क्षणापासून तिचा स्वतःचा त्यावर इतका विश्वास बसला, की बिचाऱ्या प्लेटकडे ती रागानं बघू लागली.

प्लेट सध्या घरीच होती. प्रयोगशाळेला रंग देणं चाललं होतं, म्हणून धाकटीनं ती जपून घरी आणली होती आणि आईनं तितक्याच जपून तिच्यावर बटाट्यांची टोपली ठेवली होती.

दुपारी सहलेखक आला. आकडेमोड सगळी त्याची. विभागात त्याला 'सरासरी' म्हणत. पुढ्यात एक कडक आणि एक पाणचट चहा आला, तर दोन्ही एकत्र ओतून पिणारा माणूस! त्यानं संमतीचं बटण दाबलं की पेपर रवाना होणार होता. त्यानं चष्मा वर सरकवला.

"ताई, बाकी सगळं झकास. एकच शंका. हा बिघाड झाला कधी?"

"मोजणीच्या दिवशी."

"अकरा नंबरच्या वेळी?"

"हो."

"म्हणजे दहाच्या वेळी प्लेट ठीक. बाराच्या वेळी ठीक. मधल्या अकरालाच बिघडली, आणि आपली आपण दुरुस्त झाली?"

"यंत्रांचं असतं असं!"

सरासरीनं कपात बघितलं. अकरा नंबर कोण, ते त्यालाही ठाऊक होतं. शाळेत कोचनीच त्याला पळवलं होतं. तो फारसा पळाला नाही, हा भाग निराळा. तो हळूच म्हणाला, "मी नाही म्हणत नाही, ताई. फक्त बिघाड एकदा डोळ्यांनी दाखवा. लगेच बटण दाबतो."

"दाखवते की!" धाकटी पदर खोचावा तशी ओढणी खोचत उठली. बटाटे उतरले, प्लेट बाहेरच्या खोलीत आली, वायर लॅपटॉपला लागली.

"प्लेट सपाट जागी हवी," सरासरी म्हणाला.

"सपाट कुठली! इथली लादी तिरकी आहे," धाकटी पटकन म्हणाली.

"तिरकीच!" स्वयंपाकघरातून आई.

सरासरीनं कपाटातल्या कोचच्या करंडकांमागून टेबलटेनिसचा एक चेंडू काढला आणि लादीवर ठेवला. चेंडू हलला नाही. पलीकडच्या लादीवर ठेवला. तिथेही समाधी लागल्यासारखा बसून राहिला. "कोपऱ्यात असेल तिरकी," म्हणत आई पुढे आली. कोपरे झाले. दाराजवळ झालं. शेवटी चेंडू पॅसेजमध्ये, बरोबर त्या लखलखीत दिव्याखाली ठेवला. तिघंही गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. चेंडू ढिम्म!

एवढं मोठं घर, सगळंच्या सगळं निर्दोष सुटलं. आईनं चेंडू उचलून कंबरेला खोचला, जणू साक्षीदार दडवायचा होता.

"बरं, आता प्लेट," धाकटी म्हणाली. ती स्वतः उभी राहिली. आलेख सरळसोट. सरासरी उभा राहिला आणि बगळ्याचा आव आणून झिंगलेल्या उंटासारखा डुलायला लागला. लॅपटॉपवर रेघा नाचल्या. मग तो धाडकन खाली आला.

"बिघाड!" धाकटी ओरडली.

"नाही ताई, हा मीच."

आई उभी राहिली. डोळे मिटून, एका पायावर, वर तोंडानं "गॅस बंद केलाय का बघ गं कोणीतरी" असं म्हणत ती अशी निश्चल उभी राहिली, की सरासरीनं तिचे आकडे पुन्हा तपासले. मग त्याला शास्त्रीय उपाय सुचला: निर्जीव वजन ठेवायचं. बटाट्यांची टोपली परत प्लेटवर चढली. रेघ अशी सपाट, की दृष्ट काढावी.

"बटाटे पास!" सरासरी गंभीरपणे म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरे उभे राहिले," आई म्हणाली.

आणि तेवढ्यात बटाट्यांची रेघ थरथरली! धाकटीचा चेहरा उजळला. "बघ! बघितलंस? बिघाड आहे!"

सरासरीनं चष्मा वर सरकवला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही वायर हलवताय."

धाकटीनं हातात बघितलं. वायर होती. ती केव्हा धरली, तिला कळलंही नव्हतं. म्हातारपणी माणूस का पडतो, हे ती वर्गात फळा भरभरून शिकवत असे. पहिल्यांदा पडला की काय करायचं, कोणाला दाखवायचं, उशीर झाला तर काय होतं, सगळं तिला पाठ होतं. फक्त घरी आल्यावर तिला ते आठवत नसे. घरी आल्यावर तिला दिवे बदलायचे सुचत.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या मावशी, हातात पिशवी, कपाळाला आठ्या.

"काय चाललंय काय? माझं छत डोक्यावर येईल! रोज एखादं धप् होतं ते ठीक आहे, पण आज सारखंच..." आणि त्यांनी जीभ चावली.

आता मात्र खोलीत कोणाला कुठे बघावं ते कळेना. चौघांनी मिळून बटाट्यांकडे बघितलं.

"शास्त्र चाललंय," आई घाईघाईनं म्हणाली. "या ना, तुम्हीपण उभ्या राहा!"

मावशींना कोणी विचार करायला वेळच दिला नाही. टोपली खाली उतरली, त्या पिशवीसकट प्लेटवर चढल्या, एक पाय उचलला आणि वावटळीतल्या छत्रीसारख्या डोलायला लागल्या.

"नजर समोर! भिंतीवर एक ठिपका धर! गुडघा सैल सोड! श्वास रोखायचा नाही!"

पॅसेजच्या तोंडाशी कोच उभे होते. एक हात भिंतीवर. आवाज मात्र मैदान ओलांडून जाईल असा. आणि काय सांगावं, त्या आवाजासरशी मावशी खांबासारख्या स्थिर झाल्या! सरासरीचीही पाठ आपोआप ताठ झाली.

"शाबास. उतरा आता. काय तपासताय?"

"काही नाही बाबा, तुम्ही झोपा ना," धाकटी म्हणाली.

"चहा टाकू का?" आई म्हणाली.

"मी निघतेच आता," मावशी म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

कोचनी सरासरीकडे पाहिलं. सरासरीला शाळेपासून त्यांच्यापुढे खोटं बोलता आलं नव्हतं. तो म्हणाला, "प्लेट, सर. बिघडलीय."

"कोण म्हणतं?"

"ताई."

कोच धाकटीकडे बघत राहिले. तिला आपली शाळेतली शर्यत आठवली. वळणावर ती पडली होती आणि "बूट घसरला" म्हणून रडत होती. कोचनी बूट काढायला लावले, त्यांचे तळ उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "बुटांनी काही केलेलं नाही." मग ते बूट हातात आणि तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं होतं. रस्ताभर एक शब्द बोलले नव्हते. पण घाईही केली नव्हती.

आता त्यांनी पायातल्या घरातल्या सपाता काढल्या. भिंतीला धरून वाकून त्यांचे तळ पाहिले. त्या नीट जोडून बाजूला ठेवल्या.

"अहो, आज नको," आई म्हणाली. "प्लेट तापलीय!"

"बॅटरी पण उतरलीय, सर," सरासरी म्हणाला. प्लेटला बॅटरी नव्हतीच.

कोच प्लेटवर चढले. भिंतीवरचा हात काढला. एक पाय उचलला, डोळे मिटले.

लॅपटॉपवरची रेघ वर गेली, पार वर, चौकटीच्या टोकाला.

ते पडले नाहीत. पडायला जागाच नव्हती. एका कोपराखाली आईचा हात होता, कमरेला धाकटीचा. समोरून सरासरीनं झेल घ्यावा तशी दोन्ही हातांची ओंजळ केली होती, आणि मागून मावशींनी पिशवीसकट पाठ धरली होती. कोचनी डोळे उघडले. एकही जण ओरडला नव्हता. एकही जण दचकला नव्हता. ते एकेक हात बघत गेले. रिलेमध्ये बॅटन येण्याआधीच पुढच्या गड्याचा हात मागे आलेला असतो, तसे ते सगळे हात आधीच आले होते. आणि तसा हात सरावाशिवाय येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

"सराव चांगला झालाय तुमचा," ते म्हणाले.

कोणी हात काढला नाही.

"अकरा नंबर मीच ना?"

"बाबा, ते गोपनीय असतं," धाकटी म्हणाली.

"मग गोपनीयच सांग."

तिनं मान हलवली.

"तो बिघाड खोड. मला आत घे."

"चित्र वाकडं दिसतं बाबा. बाकीचे सगळे खाली चेंगरतात."

"चेंगरू देत. रेघ वाढव."

आईला राहवेना. "अहो, पण ती लादी..."

"लादी सरळ आहे गं. तुम्ही तिघं रांगत होतात तेव्हा मी दारातून बघत होतो." त्यांनी आईच्या कंबरेला खोचलेला चेंडू काढून सरासरीच्या हातात दिला. मग धाकटीच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि म्हणाले,

"आणि चप्पलही नव्हती तिथे. मी पडतो."