तुटक रेषेतला महादेव

"बर्री सर, कूडरी. बसा," असं म्हणत सांस्कृतिक खात्याच्या कचेरीतल्या जयतीर्थांनी मुकुंदरावांसाठी खुर्ची पुढे सरकवली आणि अर्जाला जोडलेला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "कागद सगळे बरोबर हायत. पण ह्या फोटोत माणूस कुठाय?"

"पडद्यामागे."

"इथं नुसता पडदाच दिसतोय की."

"पडदा नीट लागलेला दिसतोय, याचाच अर्थ माणूस आपलं काम नीट करतोय," मुकुंदराव शांतपणे म्हणाले. "तरी शंका नको म्हणून सोबत आराखडा जोडला आहे."

मुकुंदरावांनी चौतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये यंत्रारेखन शिकवलं होतं. जी कड डोळ्यांना दिसत नाही, ती तुटक रेषेने दाखवावी, हा नियम त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. त्यामुळे आराखड्यात रंगमंच, पडदा आणि कप्प्या ठळक रेषांत होत्या, आणि पडद्याआड दोर धरून उभा असलेला महादेव डोक्यापासून पायापर्यंत तुटक रेषांत होता. उंची पाच फूट तीन इंच, हेही बाणाने दाखवलं होतं.

जयतीर्थांनी आराखडा आदराने न्याहाळला. "फार छान काढलाय, सर. पण तुटक रेषेच्या माणसाला मानधन आगोदिल्ल. होत नाही. नियम सातवा बघा. कलाकार रंगमंचावर कला सादर करतानाचे तीन फोटो आणि पेपरातलं एक कात्रण."

वयस्क रंगकर्मींसाठी सरकारने मासिक मानधनाची योजना काढली होती. महादेव मूळचा अळणावरजवळच्या खेड्यातला. कोप्पीकर रोडवरच्या एका कापडदुकानाच्या माडीवर दीडशे खुर्च्यांचं सभागृह होतं, तिथला पडदा तो बत्तीस वर्षं ओढत होता. आता त्याचा उजवा खांदा कुरकुर करी आणि सभागृहात वर्षाकाठी पाच-सहाच नाटकं होत. हे मानधन मिळालं नाही, तर म्हातारपणी त्याला गावी भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं. नाट्यमंडळाचे चिटणीस या नात्याने मुकुंदरावांनी पाच महिन्यांपूर्वीच खात्याला चौदा पानी निवेदन पाठवलं होतं. पडद्यामागचे कामगार आणि लहान सभागृहं यांना नियमांत जागा द्यावी, अशी त्यात सकारण मागणी होती. त्याचं उत्तर आलं नव्हतं, आणि अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती.

"मग त्याला रंगमंचावरच आणा की," जयतीर्थ आवाज खाली आणून म्हणाले. "तीन फोटो काढा, विषय संपला."

मंडळाच्या दिग्दर्शिका उत्तराक्का स्वतःच पुढच्या नाटकात राणी होत्या. त्यांना हा प्रस्ताव मुळीच रुचला नाही.

"अहो, महादेवला एक वाक्य धड म्हणता येईल का?"

"वाक्य नकोच. द्वारपाल करा. भाला घेऊन दारात उभा राहील."

"आणि पडदा कोण ओढणार?"

"मी," मुकुंदराव म्हणाले. त्याच दुपारी ते तेलाची बाटली, पाना आणि वही घेऊन माडीवर पोचले.

पडद्याची लोखंडी नळी वयोमानाने मधोमध वाकली होती आणि कप्प्या गंजल्या होत्या. महादेव अवघडून उभा राहिला. "सर, त्याला तेल तेवढं दाखवू नका. तो तसाच बरा हाय."

"घर्षण हा यंत्राचा शत्रू आहे, महादेव."

"असंल की. पण आमचं दोघांचं बत्तीस वर्षं जमलंय."

मुकुंदरावांनी गंज खरवडला, प्रत्येक कप्पीत आणि कडीत तेल सोडलं, आणि वहीत कृतीचे अकरा टप्पे लिहिले. सहावा टप्पा होता : 'पडदा पूर्ण उघडल्यावर दोर सोडून देणे.' महादेव तसंच करी, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

रविवारी सकाळी अकराच्या प्रयोगाला सत्तर माणसं आली. त्यांत स्थानिक दैनिकाचे एक समीक्षक होते आणि शहरातल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या स्टुडिओतला फोटोग्राफर होता. पडदा इतक्या अलगद उघडला, की मुकुंदरावांचा ऊर भरून आला. त्यांनी सहाव्या टप्प्यावर खूण केली आणि दोर सोडला.

वाकलेल्या नळीवर पडद्याचे दोन्ही भाग आजवर केवळ गंजामुळे आपापल्या बाजूला थांबत होते. आता त्यांना थांबण्याचं काहीच कारण उरलं नव्हतं. राणीने प्रधानाच्या विश्वासघातावर बोलायला सुरुवात केली, आणि दोन्ही बाजूंनी पडदा तिच्या दिशेने निघाला. मुकुंदरावांनी दोर पकडला. कप्प्यांतल्या तेलाने माखलेला तो तळव्यांतून सरसरत निघून गेला. त्यांनी घाईने वही उघडली, पण अकरापैकी एकाही टप्प्यात या परिस्थितीचा उल्लेख नव्हता.

दारात भाला घेऊन उभा असलेला महादेव हे बघत होता. त्याला हलायची सक्त मनाई होती. पडदा चार फूट सरकला तोवर त्याने ओठ आवळून सहन केलं. राणीचा डावा हात दिसेनासा झाला, तेव्हा मात्र तो निघाला. त्याने भाल्याने डावा भाग मागे रेटला, राणीला मुजरा केला, पलीकडे जाऊन उजवा रेटला, पुन्हा मुजरा केला. तोवर डावा परत आला होता.

"अरे, जागेवर जा!" राणी ओठ न हलवता म्हणाली.

चार फेऱ्यांनंतर महादेवने भाला खाली ठेवला. तो मधोमध, अगदी पुढे येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्याने पडद्याचे दोन्ही भाग धरून ठेवले. राणी आता त्याच्या पाठीमागे होती. तिने वाकून त्याच्या काखेखालून प्रेक्षकांकडे पाहिलं आणि हताशपणे पुढचं वाक्य म्हटलं, "या राज्यात माझं ऐकणारं कुणीच उरलं नाही का?"

"बाईसाहेब, तुम्ही बोला की," महादेव मान वळवून म्हणाला. "मी धरतो."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. फोटोग्राफरने तीन सोडून तेवीस फोटो काढले.

बुधवारी दैनिकात समीक्षण आलं. कोसळणारी व्यवस्था एकटा सामान्य माणूस कशी हातांनी थोपवून धरतो, हे द्वारपालाच्या रूपाने फार धाडसाने दाखवलं आहे, असं त्यात होतं. राणीचा उल्लेख 'इतर कलाकारांची साथही बरी' या वाक्यात आला होता. उत्तराक्कांनी दोन दिवस फोन उचलला नाही.

जयतीर्थांनी फोटो पाहून समाधानाने मान हलवली. "आता कसं, अख्खा माणूस दिसतोय! कला काय लिहू? ह्यात ते काय करतायत?"

खोटं सांगणं मुकुंदरावांना जमणारं नव्हतं. "पडदा सांभाळतोय."

"कला : रंगमंचावर पडदा सांभाळणे," जयतीर्थांनी लिहिलं आणि शिक्का मारला. दीड महिन्यात मानधन मंजूर झालं. महादेवने मुकुंदरावांच्या घरी धारवाडी पेढे आणून दिले.

त्याच आठवड्यात चौदा पानी निवेदनाचंही उत्तर आलं. 'पडद्यामागील कामगारांना प्रचलित नियमांत स्थान नाही, ही आपली तक्रार तथ्यहीन आढळली आहे. पडदा सांभाळणारे श्री. महादेव यांचा अर्ज याच नियमांनुसार मंजूर झाला आहे. सबब नियमांत दुरुस्तीची आवश्यकता नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

मुकुंदरावांनी पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचत असताना दारात प्रकाशयोजना सांभाळणारा नागेश आणि रंगभूषा करणाऱ्या सरिताक्का येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे महादेवही होता.

"सर, आम्हालाबी पुढच्या नाटकात जरा समोर उभं करा की," नागेश म्हणाला. "मला बोलायला नको. शिडी घेऊन उभा राहतो."

"मी राणीच्या तोंडाला नुसती पावडर लावीन," सरिताक्का म्हणाल्या. "तीन फोटोंपुरती."

"पुढच्या नाटकात राणी नाही," मुकुंदराव क्षीण आवाजात म्हणाले. "दोनच पात्रं आहेत. स्वयंपाकघरात बसलेलं म्हातारं जोडपं. महादेव, तू तरी आता आपल्या दोराकडे जा."

महादेवने खिशातून घडी घातलेलं मंजुरीपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "वाचा की, सर. 'रंगमंचावर' असं लिवलंय. आत जाऊन ओढलं आणि कुणी तपासायला आलं तर? दरवर्षी दाखला द्यायचाय."

नियम लेखी होता. मुकुंदरावांनी वही उघडली आणि पुढच्या नाटकाच्या आराखड्यात तिघांनाही ठळक रेषेत काढलं.

दिवाळीनंतर त्या नाटकाचा प्रयोग झाला. पडदा उघडला, तेव्हा स्वयंपाकघरात आजोबा भाजी निवडत होते आणि आजी चहा गाळत होत्या. फ्रिजशेजारी एक गृहस्थ शिडीवर बसून दिव्याचा झोत फिरवत होते, एक बाई आजोबांच्या टकलाला पावडर लावत होत्या, आणि ओट्याच्या अगदी पुढे, दोन्ही हात पसरून, राजवाड्याचा द्वारपाल उभा होता.

"आज एवढी माणसं का हो?" आजींनी नाटकात नसलेला प्रश्न विचारला.

"नियम सातवा," आजोबा भेंडी मोडत म्हणाले.