गृहपाठाची वही

दयाराम विसरलेली वही न्यायला घरी आला, तर दारातच बायकोची बॅग. आत सोफ्यावर भुईगावचा मेहुणा, आत्माराम, मांडी घालून बसलेला. त्याच्या मांडीवर तीच वही.

"भावोजी, नोकरी सोडलीत?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय," प्रेमलता म्हणाली. "शेजारच्या मार्गारेटने वाचून दाखवलं. नोकरी सोडली, बायकोला सांगायचं टाळलं, आता फ्लॅट विकायची वाट बघताय. आणि मला म्हणे ओव्हरटाइम."

दयारामने कपाळाला हात लावला. दोन महिने तो गोखिवऱ्याला इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जात होता. लोक हसतील म्हणून घरी बोलला नव्हता. 'गिव्ह अप' म्हणजे सोडणं, 'पुट ऑफ' म्हणजे टाळणं, अशा शब्दांपुढच्या क्रियापदाला 'आयएनजी' लावून वाक्यं करायची, आणि प्रत्येक वाक्य 'आय'नेच सुरू करायचं, हा मॅडमचा नियम.

"अगं, गृहपाठ आहे तो."

"पंचेचाळिसाव्या वर्षी?" आत्माराम म्हणाला. "क्लास दाखवा. नाहीतर प्रेमा आज माझ्याबरोबर येतेय."

तिघं आत्मारामच्या केळ्यांच्या टेम्पोत कोंबून निघाले. प्रेमलता बॅग मांडीवर घेऊन बसली. दयारामला पहिल्यांदाच वाटलं, क्लासला सुट्टी नसू दे.

नव्हती. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत वीसेक माणसं, फळ्यावर 'गिव्ह अप'. प्रेमलताने फळा बघितला, वही बघितली आणि पदराने डोळे पुसत हसायलाच लागली. दयारामचा जीव भांड्यात पडला.

आत्माराम मात्र पहिल्या बाकाकडे बघत होता. पाठमोरी बाई, अंबाड्यात अबोली.

"ही तर आमची सत्यवती. मला म्हणाली मावशीकडे जाते."

"सत्यवतीताई, सकाळच्या बॅचमधून तुम्ही आजच इकडे आलात, आता तुमचं वाक्य," मॅडम म्हणाल्या.

सत्यवती उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय गेव्ह अप लिसनिंग टू माय हजबंड."

नवऱ्याचं ऐकणं तिने सोडलं होतं, आणि 'आयएनजी' अगदी जागेवर होतं.

"हजबंड कळलं मला," आत्माराम दयारामच्या कानाला लागला. "बाकी काय म्हणाली?"

दयारामने त्याच्याकडे बघितलं, मग सत्यवतीकडे. प्रेमलताने त्याला हळूच चिमटा काढला.

"म्हणतात, हजबंड समोर नसला की घास गिळवत नाही."

मागच्या बाकावर दोघांना ठसका लागला. आत्मारामची मान ताठ झाली. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि मॅडमना हात वर करून म्हणाला,

"बाई, परत एकदा म्हणायला लावा ना तिला. जरा मोठ्याने."