हमीदमामांची फ्लूची सुई

शिक्रापुरात माणूस भेटला की लोक विचारतात, “जेवलात का?” हमीदमामा विचारायचे, “सुई घेतली का?”

मामा टेलर. हायवेला लागून त्यांचं दुकान, आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. टेलरनं असं विचारलं की नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मामांची सुई हरवलीय. पण ही सुई फ्लूची. हजला जाताना डॉक्टरांनी टोचलेली. “तिथं सगळा तंबू खोकत हुता,” मामा सांगायचे, “आन् मी? साधी शिंक न्हाई!”

तेव्हापासून ते दर वर्षी पुण्याला जाऊन सुई घेऊन यायचे. दंडावरचा कापूस दिवसभर काढायचे नाहीत. मापं घेतानाही प्रचार चालूच. “छाती छत्तीस. आत फुप्फुसं दोन. जपायची न्हाईत व्हय?” एका नवरदेवाला तर त्यांनी कोटाची ट्रायल देता देताच बजावलं, “आधी सुई, मग हळद.”

स्वाइन फ्लूच्या साली अख्खं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं. मामांनी उरलेल्या कापडाचे मास्क शिवून फुकट वाटले, सोबत भाषणही. आणि नेमका त्यांनाच ताप भरला. दम लागायला लागला, तसं मी त्यांना जीपमध्ये घालून पुण्याला निघालो. निम्म्या वाटेत मामांनी डोळे उघडले आणि ड्रायव्हरला विचारलं, “सुई... घेतली का?”

“मामा, आधी तुम्ही श्वास घ्या!” ड्रायव्हर ओरडला. मला हसू फुटलं, पण मामांचं मनगट मी सोडलं नाही.

तपासणीत स्वाइन फ्लू निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, दुसराच कुठला तरी विषाणू आहे. वॉर्डात आम्हाला सोडत नव्हते. पाच दिवसांनी मामांचा ऑक्सिजन काढला, आठव्या दिवशी ते घरी आले. गावानं लगेच चिडवलं, “मामा, सुई बोथट निघाली!”

मामांकडून कळलं, दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर खुटबाव गावचे एक आप्पा होते. वय तेच, विषाणूही तोच, पण ते अजून ऑक्सिजनवर. सुई त्यांनी कधीच घेतली नव्हती. मी म्हटलं, “मामा, मग जिंकलात की!”

मामा म्हणाले, “डॉक्टरला इचारलं म्या. ते म्हनले, सुई फ्लूची, तुमचा आजार दुसरा. आप्पाला शुगर हाय, बिडी हाय. दोन मान्सांवरनं काय सांगता येत न्हाई.” आणि मशीन चालवू लागले. पुढं भाषण नाही!

मग दुकान दुपारचं बंद राहू लागलं. “अस्तर आणाया जातो,” एवढंच सांगायचे.

एकदा ऑफिसच्या कामानं पुण्यात होतो, म्हणून त्या दवाखान्यावरून गेलो. मागच्या अंगणात मामा उभे. वर खिडकीत आप्पा, नाकाला नळी. मामा तोंडाशी हात धरून ओरडत होते, “म्हैस याली! रेडी झाली!”

त्या दिवशी तर सकाळीच दोन एसट्या बदलून ते खुटबावला म्हैस बघून आले होते. “त्याला मूलबाळ न्हाई,” मला बघून ते ओशाळून म्हणाले, “बायकू गुडघ्यानं अधू. सारखा म्हशीचाच घोर. मी पडलो तवा त्योच बोलत बसायचा माझ्याशी. माझ्या तरी घरी कोन हाय, सायब?”

“त्यांना सुईचं सांगितलंत का?”

“येडे का तुम्ही? पडल्याला माणूस. त्याला वाटंल, आपलंच चुकलं.”

वर आप्पांनी कपाळाला बोट लावलं. मामांना क्षणभर कळेना, मग ते उडालेच. “हाय! हाय! पांढरा चांद हाय रेडीच्या कपाळाला!” आप्पा हसले, हसता हसता खोकले, आणि नर्सनं पडदा ओढला.

पुढच्या आठवड्यात आप्पांना घरी सोडलं. पोचवायला मामा गेले. संध्याकाळी येतो म्हणाले होते, आठ दिवस राहिले.