पप्पांना दोन्ही हातांनी धरू नये

पाटबंधारे खात्यातले अरविंद पिसाळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात वीज साठवणारा कंडेन्सर झाले, आणि नेमका तोच धडा त्यांच्या मुलीने, शाल्मलीने, बारावीला ऑप्शनला टाकला होता.

कराडात ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नाही. डॉक्टरांनी पिसाळांना तपासलं आणि "हे माझ्याकडचं नाही" म्हणून पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या मोमीन मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी त्यांच्या दोन्ही तळहातांना मीटरच्या वायरी लावल्या आणि काटा वर चढताना समाधानाने पाहिला.

"माल चांगला आहे. गळती जवळजवळ नाहीच," ते म्हणाले. "फक्त दोन्ही हात एकदम कुणी धरू नका. आतलं सगळं एका झटक्यात बाहेर येईल."

कचेरीनेही समजूतदारपणा दाखवला. दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी सूचना लागली: श्री. पिसाळ यांच्याशी हस्तांदोलन एका वेळी एकाच हाताने करावे.

पिसाळांमध्ये साठलेलं काय होतं, हे मोमीन मिस्त्रींनी विचारलं नाही आणि घरच्यांना सांगावं लागलं नाही. लेकीवर जीव टाकणारा हा माणूस तिच्याशी कधी मायेचे दोन शब्द बोलला नव्हता. तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी उठून तिच्या डोक्यावरचा पंखा वाढवला होता, बस्स. आता शनिवारी शाल्मली पुण्याला होस्टेलवर निघणार होती. त्याआधी पप्पांनी तोंडाने काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी सकाळी गॅसवाला सिकंदर सिलिंडर घेऊन आला. त्याने एका हाताने पावती दिली, दुसऱ्या हाताने पेन दिलं, आणि पिसाळांनी दोन्ही एकदम घेतलं. बोटांना बोटं लागली.

"बाळा," पिसाळ म्हणाले, "लहानपणी तापात तू माझ्या छातीवर झोपली होतीस. तू जागी होशील म्हणून मी रात्रभर कूस बदलली नाही. वेळेवर जेवत जा गं."

सिकंदर चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप. तो सिलिंडरवर बसला आणि हमसून हमसून रडला. पिसाळ मोकळे होऊन आंघोळीला गेले. शाल्मली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सिकंदरचा इतका राग आला की तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या दुपारी तिने भौतिकशास्त्राचं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि धडा उघडला. कंडेन्सर स्वतः काही तयार करत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. त्याला भरायला बॅटरी लागते. बॅटरी एकदम काही देत नाही, थोडं थोडं देते, पण देतच राहते, आणि देता देता आतून संपत जाते. शाल्मलीने पुस्तकातून मान वर केली. समोर आई, उज्ज्वलाताई, तिच्या उशीला अभ्रा शिवत होती. अठरा वर्षं डोळ्यांसमोर असलेली बॅटरी आपल्याला दिसली कशी नाही, याची तिला लाज वाटली.

पप्पांना पुन्हा भरायचं काम आईनेच अंगावर घेतलं. मोमीन मिस्त्रींनी तिला मोकळीक दिली होती. "वहिनी बॅटरी आहेत, त्यांनी दोन्ही हात धरले तरी चालेल." रोज संध्याकाळी ती पिसाळांचे हात हातात घेऊन बसायची आणि लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. पहिल्या दोन दिवसांत ते झपाट्याने भरले, मग वेग मंदावत गेला. शुक्रवारी आईच्या बरोबरीला आले आणि थांबले. त्या दिवशी आईची आमटी अळणी झाली, आणि दिवेलागणीलाच तिचा डोळा लागला.

"थेट जोडलंत तर पापणी लवायच्या आत संपेल," मिस्त्रींनी बजावलं होतं. "मधे अडवणारा रेझिस्टन्स घाला, म्हणजे सावकाश येईल."

घरात सगळ्यांना एकदमच सुमनआत्या आठवल्या. पिसाळांच्या या थोरल्या बहिणीने फ्रिजपासून होस्टेलपर्यंत प्रत्येक गोष्टीला विरोध केला होता.

शनिवारी एसटी स्टँडवर आत्यांनी एका हाताने भावाचा डावा हात धरला आणि दुसऱ्याने शाल्मलीचा. आई बॅगेपाशी बाकावर टेकली होती. शाल्मलीने पप्पांचा उजवा हात हातात घेतला.

आत्यांमधून ते सावकाश येऊ लागलं. मग पिसाळ म्हणाले, "पैसे लागले तर फोन कर."

"कशाला लागतील? सगळं दिलंय की बरोबर," आत्या म्हणाल्या.

"खिडकी लावून झोप. पहाटे तुला गारठा बाधतो."

"काही बाधत नाही. उगं लाड."

"तुझी खोली," पिसाळ अडखळले, "मी बंद नाही ठेवणार."

आत्या मान वळवून समोरच्या गाडीची पाटी वाचू लागल्या.

"ओ ताई, येताय का सोडू गाडी?" कंडक्टर ओरडला.

अजून बरंच शिल्लक होतं, हाताला लागत होतं. आत्यांना सोडून पप्पांचे दोन्ही हात धरले असते, तर सगळं तिथल्या तिथे तिचं झालं असतं. पण मग रिकामे पप्पा घरी गेले असते, आणि त्यांना आईने कशातून भरायचं? शाल्मलीने बाकाकडे पाहिलं. सर्किट तोडलं की कंडेन्सर भरलेलाच राहतो, हे त्याच धड्यात होतं.

तिने पप्पांचा हात सोडला. "बाकीचं दिवाळीला," ती म्हणाली, आईला घट्ट मिठी मारली आणि गाडीत चढली.

पुढच्या महिन्यात आईने फोनवर सांगितलं, की सिकंदर आला होता. सिलिंडर जागेवर ठेवून तो जरा घुटमळला आणि मग त्याने हळूच दोन्ही हात पुढे केले. पप्पांनी आपले हात खिशात घातले. म्हणाले, "हे तिचं आहे, बाबा."

"मग सिकंदर?" शाल्मलीने विचारलं.

"म्हणाला, 'असू द्या साहेब, मला मागचंच अजून पुरतंय. तेवढं ताईंना सांगा, मी वेळेवर जेवतो म्हणावं.' मग रिकामं सिलिंडर खांद्यावर टाकून गेला. तू जेवलीस का?"